एडिसन-फोर्ड पुरे झाले. आजची अमेरिका नक्की कोणी घडवली?

आडबंदर

'अमेरिका घडवणारी माणसं' म्हटलं की तीच यादी पुढे येते. एडिसन, बेल, राइट बंधू, फोर्ड आणि मग मधली सत्तर वर्षं गाळून एकदम जॉब्ज आणि गेट्स. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यासारखी झालीय ही यादी. तेव्हा एक वेगळं नाव टाकतो आणि त्यावरून धागा सुरू करतो: माल्कम मॅक्लीन.

हा गडी ना शास्त्रज्ञ, ना इंजिनिअर. नॉर्थ कॅरोलायनातल्या मॅक्स्टन गावचा, जन्म १९१३ चा. ऐन मंदीत, १९३४ साली जुन्या ट्रकवर मालवाहतूक सुरू केली आणि वीस वर्षांत देशातल्या मोठ्या ट्रक कंपन्यांत नाव काढलं. त्या काळी बंदरात माल चढायचा कसा, तर पोती, पिंपं, खोकी, कापसाच्या गासड्या असा एकेक नग ट्रकमधून उतरवायचा, शेडमध्ये ठेवायचा, जाळीत भरून क्रेनने जहाजाच्या पोटात सोडायचा आणि आत पुन्हा हाताने रचायचा. जहाज समुद्रावर कमी आणि धक्क्याला जास्त. मॅक्लीनचं म्हणणं एवढंच होतं की ट्रकची पेटी, म्हणजे आजचा कंटेनर, आहे तशी उचला आणि जहाजावर ठेवा.

२६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल-एक्स' नावाचं जहाज न्यूअर्कहून ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनला निघालं. जहाज कसलं, दुसऱ्या महायुद्धातला तेलाचा टँकर, डेकवर सांगाडा ठोकलेला. हिशेब केला तेव्हा निघालं की हाताने माल चढवायला टनामागे ५ डॉलर ८६ सेंट पडत होते, इथे १६ सेंटच्या आत काम झालं.

आता खरी गंमत. पेटीत माल भरून पाठवायची कल्पना काही नवी नव्हती. रेल्वेवाले युरोपात आणि अमेरिकेत आधीपासून तसले प्रयोग करत होते. मग घोडं अडलं कुठे? कागदावर. ट्रक कंपनीने जहाज कंपनी चालवू नये असा तिथला सरकारी नियम होता. मॅक्लीनने स्वतः उभी केलेली ट्रक कंपनी विकून टाकली आणि जहाज कंपनी धरून ठेवली. मग पेटीच्या कोपऱ्याला जो पोलादी ठोकळा असतो, ज्यात कुलूप फिरतं, त्याचं पेटंट. ते कीथ टँटलिंगर या त्याच्या इंजिनिअरच्या डोक्यातून निघालं होतं. १९६३ मध्ये कंपनीने त्यावरचा हक्क सोडला, म्हणून जगभर एकच माप, एकच कोपरा ठरू शकला. आणि तिसरा कागद कामगारांचा. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांचे पुढारी हॅरी ब्रिजेस यांनी १९६० साली करार केला: यंत्रं आणा, पण होणाऱ्या बचतीतला वाटा आमच्या निधीत टाका.

तर माझं म्हणणं असं की नुसत्या वस्तूने समाज बदलत नाही. तिच्यामागे एखादा कायदा, करार, कर्जाची सोय असा कागद हलतो तेव्हा बदलतो. मंडळी, नावं टाका. अट एकच, वस्तूबरोबर कागदही सांगायचा.

खडूसकाका

धागाकर्ते वकील आहेत का? कागदाने बल्ब पेटत नाही हो. आधी बल्ब, मग त्याचं बिल. एडिसन नसता तर तुम्ही हा धागा कंदिलाच्या उजेडात लिहिला असता.

आडबंदर

काका, बल्बचंच घ्या. मॅनहॅटनमध्ये पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र १८८२ साली सुरू झालं. आणि १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी नऊ घरांत वीज नव्हती. पन्नास वर्षं! तंत्र होतं, तारा होत्या, पैसा होता. खाजगी वीज कंपन्या म्हणत, मैलभर तार ओढून दोन-तीन गिऱ्हाइकं मिळणार, परवडत नाही. शेतकऱ्याची बायको विहिरीवरून पाणी ओढत होती आणि इस्त्री चुलीवर तापवत होती.

१९३५ मध्ये रूझवेल्टने ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं, १९३६ ला कायदा झाला. त्यातली युक्ती अशी की सरकारने स्वतः तारा ओढल्या नाहीत. शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढायच्या, सरकारने त्यांना कमी व्याजाने लांब मुदतीचं कर्ज द्यायचं. बऱ्याच ठिकाणी सभासदत्वाची वर्गणी होती पाच डॉलर, आणि तेवढे जमवतानाही लोकांची दमछाक व्हायची. पण पंधरा-वीस वर्षांत बहुतेक शेतघरांत दिवा आला. भांडवलशाहीच्या पंढरीत खेड्यातली वीज सहकाराने आली, आणि त्यातल्या शेकडो संस्था आजही चालू आहेत. आपल्याकडे सहकार म्हटलं की साखर कारखाना आणि निवडणूक आठवते, तिथे विजेचं बिल येतं.

खडूसकाका

बिल आलंच ना शेवटी. असो. चालू द्या.

जर्सीचा_बंड्या

मॅक्लीनचं नाव बघून राहवलं नाही. मी पोर्ट एलिझाबेथजवळ एका गोदामात डिस्पॅच बघतो. धागाकर्त्यांनी ज्या ठोकळ्याचं लिहिलंय तो रोज बघतो. पेटीच्या आठही कोपऱ्यांना तो असतो, त्याला लांबट भोक. खालच्या चॅसीवरचा खुंटा त्या भोकात जातो आणि दांडा ओढला की खुंट्याचं डोकं पाव वळसा आडवं फिरतं. बस्स, झालं कुलूप. चाळीस फुटी पेटी आणि आतला पंचवीस टन माल त्या चार खुंट्यांवर हायवेने जातो. अनुभवी ड्रायव्हर चारही दांडे हाताने हलवून बघितल्याशिवाय गेटबाहेर पडत नाही. नवखा घाईत तीनच बघतो आणि मग आमच्या सुपरवायझरच्या शिव्या खातो. दाराला सील असतं, त्याचा नंबर कागदाशी जुळवायचा आणि मगच पेटी उघडायची. आत टीव्ही आहे की टोमॅटो, बंदरात कोणाला पत्ता नसतो आणि पर्वाही नसते.

हे 'पत्ता नसणं' फार मोठं आहे बरं का. पूर्वी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर व्हिस्कीची खोकी 'वाटेत फुटायची'. पेटीला सील लागलं आणि खोकी फुटायची थांबली.

पण नाण्याची दुसरी बाजू लिहायलाच हवी. मॅनहॅटन आणि ब्रुकलिनचे धक्के यात मेले. पेटीला लागतं मोकळं मैदान, आणि ते होतं खाडीपलीकडे न्यू जर्सीत. १९६२ ला एलिझाबेथचं टर्मिनल उघडलं आणि काम इकडे सरकलं. न्यूयॉर्कच्या कामगारांच्या युनियनने भांडून वर्षाच्या ठरावीक तासांच्या पगाराची हमी मिळवली. काम नसलं तरी हजेरी लावायची, पगार घ्यायचा. जुन्या माणसांचं निभावलं. त्यांच्या पोरांना मात्र धक्क्यावर नोकरी उरली नाही. धक्क्याभोवतीचे कारखानेही गेले, कारण कारखाना बंदराला चिकटून असायची गरजच संपली. आज ब्रुकलिनच्या त्या धक्क्यांवर लोक सायकली चालवतात, आईस्क्रीम खातात. छान दिसतं, पण तिथली गोदीवाल्यांची वस्ती पांगली.

तळेगावकर

बंड्या, झकास प्रतिसाद. मुंबईचीही थोडीफार हीच कथा. १९८९ ला नाव्हा-शेवा सुरू झालं आणि पेट्यांचं काम हळूहळू खाडीपलीकडे गेलं. इंदिरा डॉक, प्रिन्सेस डॉक, भाऊचा धक्का या पट्ट्यातली वर्दळ ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको.

एक शंका. ५८ पेट्यांवरून सगळ्या जगाचा व्यापार कसा काय फिरला? मध्ये काहीतरी मोठं घडलं असणार.

आडबंदर

घडलं ते व्हिएतनाम. अमेरिकी सैन्याचा माल तिथल्या बंदरात कुजत पडायचा, जहाजं उतरायची वाट बघत समुद्रात उभी. मॅक्लीनने लष्कराच्या मागे लागून कंत्राट मिळवलं आणि १९६७ मध्ये व्हिएतनाममधल्या 'काम रान्ह बे' इथे पेट्यांचं बंदर चालू केलं. सरकार जाण्याचे पैसे देत होतं, येताना पेट्या रिकाम्या. म्हणून त्याने परतीच्या वाटेवर जपानला थांबा घेतला. तेव्हा जपानी कारखाने रेडिओ आणि टीव्ही बनवून अमेरिकेत पाठवायला टपलेलेच होते. येताना जे मिळेल ते निव्वळ नफा. अमेरिकी घरात आशियाई माल स्वस्तात शिरायला युद्धाच्या कंत्राटाने असा हातभार लावला. हाही कागदच, काका.

अवांतर: हाच मॅक्लीन १९८६ मध्ये दिवाळखोरीत गेला. तेल महाग राहणार असं धरून मोठाली पण संथ जहाजं बांधली, आणि तेल पडलं.

ह्यूस्टनकरीण

माझ्याकडून विलिस कॅरियर. एसीशिवाय ह्यूस्टनमध्ये जुलै काढून दाखवा, मग कायद्याच्या गप्पा मारू :)

१९०२ ची गोष्ट. ब्रुकलिनला एका छापखान्यात रंगीत छपाई व्हायची. एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे. हवेतला दमटपणा बदलला की कागद फुगायचा किंवा आकसायचा आणि रंग एकमेकांवर बसायचेच नाहीत. पंचविशीतल्या कॅरियरला काम दिलं होतं ते हवेतलं बाष्प ठरावीक ठेवण्याचं. थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा खेळवली की बाष्प उतरतं. माणसांना गार वाटलं ते वरकड. पुढे सिनेमा थिएटरं आली. न्यूयॉर्कच्या रिव्होलीत १९२५ ला त्याची यंत्रं बसली आणि उन्हाळ्यात ओस पडणाऱ्या थिएटरांना गर्दी व्हायला लागली. घराघरांत एसी शिरला तो मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर, खिडकीतली यंत्रं स्वस्त झाल्यावर.

त्याने समाज कसा बदलला ते जनगणनेत बघा. फ्लोरिडाची लोकसंख्या १९५० ला २८ लाखांच्या आसपास, २०२० ला दोन कोटी पंधरा लाखांच्या वर. अ‍ॅरिझोना साडेसात लाखांवरून ७१ लाखांवर. लोक गेले की संसदेच्या जागाही जातात. १९५० च्या जनगणनेनंतर न्यूयॉर्कच्या ४३ जागा होत्या आणि फ्लोरिडाच्या ८. आता न्यूयॉर्क २६, फ्लोरिडा २८. सगळं काही एसीने केलं असं म्हणणार नाही, कमी कर, निवृत्तांचं पेन्शन, लष्करी तळ, हायवे हेही आहेच. पण फ्लोरिडात ऑगस्टमध्ये प्रचारसभा ऐकायला बसणारा मतदार एसीच्याच कृपेने तिथे राहायला आलाय.

जुनी घरं बघाल तर उंच छत, समोर व्हरांडा, आडव्या हवेसाठी समोरासमोर खिडक्या. आमच्या कॉलनीतल्या नव्या घरांच्या खिडक्या वर्षानुवर्षं उघडत नाहीत. व्हरांडा गेला आणि संध्याकाळी शेजाऱ्याशी बोलणंही गेलं. शेजाऱ्याचं नाव मला आलेल्या चुकीच्या पार्सलवरून कळलं.

अर्धाकप

व्हरांड्याला +१. पण ती कॉलनी मुळात आली कुठून, त्यावर कोणीतरी लिहा.

फ्रीमाँटची_माई

मी लिहिते. नाव: विल्यम लेव्हिट. चांगला माणूस म्हणून नव्हे, प्रभावी म्हणून.

१९४७ ला लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतांत त्याने 'लेव्हिटटाउन' या वसाहतीची घरं बांधायला घेतली. फोर्डच्या कारखान्यात गाडी पट्ट्यावरून पुढे सरकते आणि कामगार जागेवर उभा असतो. इथे उलट, घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या फिरत्या. घराचं काम २७ टप्प्यांत पाडलेलं. एक टोळी फक्त पाया ओतायची, एक फक्त फरश्या बसवायची, म्हणे एक नुसता रंगच लावायची. भर जोमात असताना दिवसाला तीस-तीस घरं उभी राहायची. १९५१ पर्यंत १७ हजारांहून अधिक घरं. किंमत आठ हजार डॉलरच्या आतबाहेर.

धागाकर्त्यांच्या अटीप्रमाणे कागद: युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठीचा १९४४ चा कायदा आणि त्याआधी १९३४ पासून सरकारची गृहकर्ज-हमी. सैनिकाला हातात एक दमडी नसताना घर मिळायचं, हप्ता भाड्यापेक्षा कमी. बँकेला भीती नाही, कारण पैसे बुडाले तर सरकार भरणार. आज अमेरिकेत सगळे तीस वर्षांच्या स्थिर व्याजाच्या कर्जाला स्वर्गातून पडलेली गोष्ट समजतात. ती या सरकारी हमीच्या जोरावर रुळली.

आणि त्याच कागदात विष होतं. हमी कुठल्या वस्तीला द्यायची याचे सरकारी निकष होते आणि काळ्या लोकांची वस्ती म्हणजे धोका असं त्यात धरलेलं. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारात स्पष्ट कलम होतं की गोऱ्यांखेरीज कोणाला या घरात राहू द्यायचं नाही, नोकर म्हणून असेल तर चालेल. असली कलमं कोर्टातून अमलात आणता येणार नाहीत असा सुप्रीम कोर्टाचा निकाल १९४८ ला आला. लेव्हिटने कलम काढलं, धोरण ठेवलं. १९५७ ला पेनसिल्व्हेनियातल्या त्याच्या दुसऱ्या वसाहतीत मायर्स नावाचं काळं कुटुंब एका गोऱ्या मालकाकडून घर घेऊन राहायला आलं, तर घरासमोर जमाव, खिडक्यांवर दगड, आणि हे अनेक दिवस. घरविक्रीतला भेदभाव कायद्याने बंद व्हायला १९६८ उजाडलं.

मधल्या वीस-पंचवीस वर्षांत गोऱ्या मध्यमवर्गाने घर घेतलं, त्याची किंमत वाढली, त्यावर पोरं कॉलेजात गेली. दुसरे भाडं भरत राहिले. अमेरिकेत आज गोऱ्या आणि काळ्या कुटुंबांच्या पगारात जेवढा फरक आहे त्याच्या कितीतरी पट फरक मालमत्तेत आहे, तो असा साठत गेलाय.

आम्ही इथे कॅलिफोर्नियात जुनं घर घेतलं तेव्हा एस्क्रोच्या, म्हणजे घरखरेदीच्या कागदांच्या, जाडजूड गठ्ठ्यात जुनी बंधनं जोडलेली होती आणि त्यावर ठळक अक्षरात एक पान: यात वंश, धर्म वगैरेंवरून काही बंधन असेल तर ते बेकायदा आणि रद्दबातल समजावं. पान उलटलं. खाली टाइपरायटरची अक्षरं, कुंपणाची उंची, कोंबड्या पाळायच्या नाहीत, आणि त्याच सुरात पुढचं कलम की फक्त गोऱ्या वंशाच्या लोकांनी इथे राहावं. एजंट म्हणाला, 'इथे सही, इथे इनिशियल.' आम्ही केली.

कोरा_कागद

माई, तो कोंबड्यांच्या शेजारचा नियम वाचून गप्पच झालो.

अर्धाकप

मी प्लास्टिकच्या तुकड्यावर बोलतो. क्रेडिट कार्ड. सप्टेंबर १९५८, कॅलिफोर्नियातलं फ्रेस्नो शहर. बँक ऑफ अमेरिकाने ६० हजार लोकांना टपालाने कार्डं पाठवली. कोणी मागितली नव्हती! एका दिवसात अख्ख्या गावाच्या खिशात उधारी. हे का केलं? दुकानदार म्हणतात गिऱ्हाइकाकडे कार्ड नाही तर मशीन कशाला घेऊ, गिऱ्हाईक म्हणतं दुकानात चालत नाही तर कार्ड कशाला घेऊ. कोंडी फोडायला बँकेने सगळ्यांवर एकदमच टाकलं. जोसेफ विल्यम्स म्हणून बँकेतला अधिकारी यामागे होता. थकबाकी अंदाजे चार टक्के धरली होती, ती बावीसच्या घरात गेली आणि विल्यम्सला जावं लागलं. बँकेने मात्र धंदा सोडला नाही. तेच कार्ड पुढे १९७६ ला व्हिसा झालं. न मागता कार्ड पाठवायला १९७० ला बंदी आली.

पण आज अमेरिकन माणूस ज्या व्याजाने दबतो ते कुठून आलं? अनेक राज्यांत व्याजाला कायद्याने कमाल मर्यादा होती. १९७८ ला सुप्रीम कोर्टाने ठरवलं की बँक ज्या राज्यातली, त्या राज्याचा व्याजदर ती इतर राज्यांतल्या गिऱ्हाइकाला लावू शकते. झालं! साउथ डकोटाने आपली मर्यादा उठवली आणि सिटीबँकेने १९८१ मध्ये कार्डांचं कामकाज न्यूयॉर्कहून थेट सू फॉल्सला हलवलं. गहू आणि गुरांच्या त्या प्रदेशातून सगळ्या देशाला बिलं जायला लागली. तुमच्या कार्डावर बिलाचा पत्ता डेलावेअर किंवा साउथ डकोटाचा का असतो त्याचं उत्तर हे. आडबंदर, तुमच्या अटीत चपखल बसतंय की नाही?

अजून एक कागद: १९७४ चा समान पतसंधी कायदा. त्याआधी बाईने कार्ड मागितलं तर बँक बेधडक नवऱ्याची सही मागायची, नोकरी करत असली तरी.

आणि १९८९ पासूनचा तो पत मोजणारा तीन आकडी क्रेडिट स्कोअर. आपण एच-वन व्हिसावर नवीन आलो की खात्यात पगार असतो, कर्ज शून्य, आणि म्हणूनच पत शून्य. आमच्या आजोबांनी 'कोणाचं देणं ठेवू नकोस' म्हणून शिकवलं, इथल्या एका बँकेने नेमकं त्याच कारणासाठी मला परत पाठवलं. शेवटी स्वतःचेच पाचशे डॉलर गहाण ठेवून पाचशेचं कार्ड घेतलं. लोकल ट्रेनचा पासही यापेक्षा सोपा मिळतो.

खडूसकाका

स्वतःचे पैसे ठेवून स्वतःलाच उसने घेणे. धन्य आहे. आमच्या वाण्याच्या वहीत निदान चहा तरी मिळायचा.

कोरा_कागद

सगळी नावं बाप्यांचीच चाललीत म्हणून फ्रान्सिस पर्किन्स.

२५ मार्च १९११. न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ चहा पीत बसलेली ही तिशीतली बाई आगीच्या गाड्यांच्या आवाजाने बाहेर धावली. ट्रायँगल नावाचा ब्लाउज शिवायचा कारखाना, वरचे तीन मजले. कामगार बहुतेक इटालियन आणि ज्यू पोरी, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या. एका जिन्याचं दार कुलूपबंद, चोरी होऊ नये म्हणून. अग्निशामकांच्या शिड्या तिथवर पोचल्या नाहीत. पर्किन्सने मुलींना खिडक्यांतून उड्या मारताना पाहिलं. १४६ जण गेले.

त्यानंतर राज्याने कारखान्यांची चौकशी लावली आणि ही त्यात कामाला लागली. आमदारांना ती कारखाने दाखवायला घेऊन जायची, रात्रपाळी सुटायच्या वेळी, आग लागली तर सुटायची वाट म्हणून ठेवलेल्या शिडीवरूनही चढायला लावायची. बाहेर उघडणारी दारं, आगीच्या कवायती, कामाच्या तासांवर मर्यादा हे आधी न्यूयॉर्कमध्ये आलं. १९३३ ला रूझवेल्टने तिला श्रममंत्री केलं, अमेरिकेची पहिली स्त्री कॅबिनेट मंत्री. पद घेण्याआधी तिने त्यांना यादी वाचून दाखवली: म्हातारपणीची पेन्शन, बेकारी विमा, किमान वेतन, बालमजुरी बंद, आणि हे चालणार असेल तरच येते. बारा वर्षं ती त्या खात्यात राहिली. १९३५ चा सोशल सिक्युरिटीचा कायदा आणि १९३८ चा वेतन-तासांचा कायदा याच काळातले. किमान वेतन तासाला २५ सेंट, आणि आठवडा १९४० पर्यंत ४० तासांवर. आज आयटीतला माणूस 'फॉर्टी अवर्स' म्हणतो ते इथून आलेलं आहे.

सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनचा पहिला मासिक चेक जानेवारी १९४० मध्ये व्हरमाँटच्या आयडा मे फुलर या निवृत्त कारकून बाईंना गेला. २२ डॉलर ५४ सेंट. पगारातून त्यांचे एकूण कापले गेले होते २४ डॉलर ७५ सेंट. बाई शंभर वर्षं जगल्या आणि बावीस हजार डॉलरच्या वर घेऊन गेल्या!

पण माईंनी लिहिलेलं विष इथेही आहे. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्यांना या कायद्यातून वगळलं होतं. दक्षिणेत ही कामं कोण करत होतं ते उघड आहे.

तळेगावकर

आयडाबाईंची पॉलिसी कुठे मिळते? आमच्या एजंटला विचारतो.

जर्सीचा_बंड्या

आपल्या सगळ्यांचा कागद कोणीच टाकला नाही अजून. १९६५ चा इमिग्रेशन कायदा, हार्ट आणि सेलर या दोघांच्या नावाचा. त्याआधी १९२४ पासून देशवार कोटा, तोही उत्तर युरोपकडे झुकलेला. भारताला १९४६ नंतर वर्षाला १००. शंभर! आज एका गणेशोत्सवात आरतीला यापेक्षा जास्त माणसं असतात.

इमॅन्युएल सेलर ब्रुकलिनचा. १९२४ च्या कायद्याविरुद्ध तो संसदेत नवखा असताना बोलला होता, आणि चाळीस वर्षांनी तोच कायदा त्याने मोडीत काढला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने ३ ऑक्टोबर १९६५ ला स्वातंत्र्यदेवतेच्या पायाशी बसून सही केली. गंमत म्हणजे मायकल फीगन नावाच्या एका सदस्याने अडून बसून कसबापेक्षा नातेवाइकांना जास्त जागा ठेवायला लावल्या. हिशेब असा की इथे गोरे जास्त, म्हणजे नातेवाईकही गोरेच येतील. युरोपात तोवर बरं चाललं होतं, तिकडून कोणी फारसं येईना. आपल्याकडून डॉक्टर आणि इंजिनिअर आले, मग त्यांनी भाऊ, बहिणी, आईवडील आणले.

फ्रीमाँटची_माई

आणि हा कायदा काळ्या लोकांच्या नागरी हक्क चळवळीच्या पाठीवर बसून आला, हेही लिही बंड्या. १९६४ ला नागरी हक्क कायदा, ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्क कायदा, ऑक्टोबरमध्ये हा. देशातल्या देशात वंशावरून भेद करायचा नाही म्हटल्यावर दारावर तो ठेवणं अवघड झालं. आपल्या पार्ट्यांमध्ये 'आपण मेरिटवर आलो' असं जे म्हणतात ना, त्यांना मी हे ऐकवत असते. पुढच्या पार्टीचं बोलावणं कमी होतं, पण ठीक आहे.

खडूसकाका

एकूण काय, कायदा केला की झालं. वस्तू, माणसं सगळी आपोआप. मग आमच्याकडे काय कमी कायदे आहेत? फुटपाथवर अपंगांसाठी उतार हवा म्हणून कायदा आहे. उतार कुठाय? उतारावर पाणीपुरीची गाडी आहे.

चाकोरी

काका, तुम्ही नेमकी माझ्या कामातली गोष्ट काढलीत. वाचनमात्र होते, आता लिहितेच.

अमेरिकेत १९७३ च्या एका कायद्यात ५०४ क्रमांकाचं छोटंसं कलम होतं: सरकारी पैसा घेणाऱ्या कोणीही अपंगत्वावरून माणसाला वगळायचं नाही. संसदेत त्यावर फारशी चर्चाही झाली नव्हती. पण नियमावलीवर सही झाल्याशिवाय कलम लागू होत नाही. निक्सन गेले, फोर्ड गेले, कार्टर आले, सही नाही. चार वर्षं कायदा होता आणि नव्हताही.

५ एप्रिल १९७७ ला अनेक शहरांत लोक सरकारी कचेऱ्यांत शिरून बसले. बाकी ठिकाणी लवकर संपलं. सॅन फ्रान्सिस्कोला शंभराच्या वर लोक चौथ्या मजल्यावर जवळजवळ महिनाभर राहिले. यात असे लोक होते ज्यांना कूस बदलायलाही मदतनीस लागतो. औषधं ठेवायला फ्रीज नाही, म्हणून एसीच्या यंत्रावर खोका चिकटवून त्यात ठेवली. फोन तोडले, तेव्हा बहिऱ्या मंडळींनी खिडकीतून खाली उभ्या असलेल्यांशी हातांच्या खुणांनी बोलणं चालू ठेवलं. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे लोक रोज गरम जेवण आणून देत. ज्युडी ह्यूमन पुढारी होती, पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत. लहानपणी तिला शाळेने 'आग लागली तर अडथळा होईल' म्हणून प्रवेश नाकारला होता. २८ एप्रिलला मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी सही केली.

त्याच्या आधी, साठच्या दशकात, एड रॉबर्ट्स नावाचा मुलगा बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला आला. रात्री लोखंडी फुप्फुसात, म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या यंत्रात, झोपायचा, म्हणून त्याला वसतिगृहाऐवजी विद्यापीठाच्या दवाखान्यात खोली दिली. त्याने आणि त्याच्या मित्रांनी शहराच्या मागे लागून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टेलिग्राफ अ‍ॅव्हेन्यूच्या आसपास फुटपाथच्या कडा उतरत्या करून घेतल्या. आज त्यावरून बाबागाड्या जातात, चाकांच्या बॅगा जातात, बंड्याच्या गोदामातला पार्सलवालाही ढकलगाडी नेतो.

खडूसकाका

बसले, सही झाली, उतार आले. म्हणजे मी म्हटलं तेच.

चाकोरी

नाही आले ना! १९९० ला अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला. त्यानंतरही सॅक्रमेंटो शहराचं म्हणणं होतं की फुटपाथ ही काही आम्ही देत असलेली सेवा नव्हे, सबब कायदा तिथे लागू नाही. अपंग रहिवासी कोर्टात गेले. खालच्या कोर्टात हरले. वर गेले. २००२ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, फुटपाथ ही सेवाच. मग तडजोड झाली आणि शहराने तीस वर्षांपर्यंत वाहतूक निधीतला पाचवा हिस्सा याच कामाला ठेवायचं कबूल केलं. म्हणजे १९७३ चं कलम, १९७७ चं ठाण, १९९० चा कायदा, २००२ चा निकाल, आणि सिमेंट अजून ओतलं जातंय.

पाणीपुरीच्या गाडीचा फोटो, वॉर्ड आणि रस्त्याचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुण्या-मुंबईतल्या अशा उतारांची यादी करायचं आमच्या ओळखीतल्या दोघांनी मनावर घेतलंय.

खडूसकाका

व्यनि केलाय. गाडीवाला चांगला आहे, त्याला उठवू नका, चार फूट सरकवा.